पासारगाद आधी, पर्सेपोलिस नंतर

इराणमधल्या शिराझला गेलेला माणूस पर्सेपोलिस बघितल्याशिवाय परतत नाही. पासारगादला मात्र "वेळ उरला तर बघू" म्हणून जातात. 2024 च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघांनी तेच केलं आणि फसलो. ठरवलेल्या गाडीवाल्याने आधी पर्सेपोलिस, मग नक्श-ए-रुस्तम (कड्यात कोरलेल्या राजांच्या कबरी) आणि शेवटी पासारगाद असा क्रम लावला. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि रखवालदार घड्याळाकडे बघत होता. प्राचीन इराणी साम्राज्य उभारणाऱ्या सायरस राजाची कबर लांबून बघून परत फिरलो. रात्री हॉटेलात बायको म्हणाली, "एवढ्या लांब येऊन हे काही खरं नाही." दुसऱ्या दिवशी वेगळी टॅक्सी करून पुन्हा गेलो. खर्च दुप्पट झाला, पण पश्चात्ताप नाही.

म्हणून पहिला सल्ला हाच, की क्रम उलटा लावा. पासारगाद शिराझपासून साधारण 130 किलोमीटर, दोन तासांच्या आत पोचता. सकाळी साडेसहाला निघा, आधी पासारगाद बघा आणि परतीच्या वाटेवर नक्श-ए-रुस्तम व पर्सेपोलिस घ्या. गाडीवाला कुरकुर करेल, तरी ऐकू नका. इतिहासही याच क्रमाने घडलाय. आधी सायरसने पासारगाद उभारलं, मग दर्युश राजाने पर्सेपोलिस. पर्सेपोलिसचा भपका आधी बघितला, तर पासारगाद म्हणजे माळावर पडलेले चार दगड वाटतात.

आणि आहे तो माळच. समुद्रसपाटीपासून सुमारे 1900 मीटर उंचीवर, वाऱ्यावर उघडा. एप्रिलच्या सकाळी स्वेटर लागला, अकरा वाजता डोकं तापलं. सावली जवळपास नाही, त्यामुळे टोपी आणि पाणी सोबत हवंच. तिकीट परदेशी लोकांना महाग पडतं.

आत शिरल्यावर आधी भेटते ती कबर. फिक्या चुनखडीच्या सहा चढत्या पायऱ्या, वर उतरत्या छपराची एक खोली. एवढंच. एकूण उंची जेमतेम 11 मीटर. भूमध्य समुद्रापासून मध्य आशियापर्यंत राज्य पसरलेला राजा, आणि कबर आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या देवळापेक्षाही लहान! जवळ गेलात की दगडांच्या सांध्यांकडे बघा. चुना नाही, मध्ये नखही जात नाही. धातूच्या पट्ट्यांनी दगड एकमेकांत अडकवले होते. पुढे लोकांनी त्या धातूसाठी दगड उकरले, त्याचे खड्डे अजून दिसतात. ही घडाई लिडिया आणि आयोनियाकडच्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, पाथरवटांच्या पद्धतीची. तो मुलूख सायरसने जिंकला आणि तिथली कारागिरी इथे आणली.

खोलीत जाता येत नाही. आत काही नाहीही. अलेक्झांडर इ. स. पू. 324 मध्ये इथे आला, तेव्हाच ती लुटलेली होती. त्याने दुरुस्ती करायला सांगितली. मला जास्त रस होता तो पुढच्या भानगडीत. शतकानुशतकं इथल्या लोकांना ही कबर सायरसची आहे हे ठाऊकच नव्हतं. ते म्हणत, ही सुलेमानच्या आईची कबर. सुलेमान म्हणजे बायबलातला सॉलोमन राजा, मुसलमान त्याला पैगंबर मानतात. तेराव्या शतकात महालांचे खांब आणून तिच्याभोवती मशीद उभारली, आतल्या भिंतीत मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, कोरला. ते खांब 1971 च्या सुमारास परत महालांकडे नेले. शेजारच्या गावाचं नाव मात्र आजही मादर-ए-सुलेमान. नाव हरवलं म्हणूनच कबर वाचली असावी, असं मला वाटतं. कुणा जुन्या बिगरमुस्लिम राजाची म्हणून ती पाडायला लोक कदाचित धजावले असते. पैगंबराच्या आईच्या कबरीला कोण हात लावणार?

महाल कबरीपासून किलोमीटरभर पुढे आहेत. आम्ही चालत गेलो. पाय दुखत असतील तर आतली छोटी गाडी मिळते का ते तिकीटखिडकीवर विचारा. इथे घाई करू नका. दरवाज्याच्या एका चौकटीवर चार पंखांचा दाढीवाला पुरुष कोरलाय. पंख असिरियाच्या धाटणीचे, झालरीचा झगा एलामचा (ही दोन्ही शेजारची जुनी राज्यं), डोक्यावरचा मुकुट इजिप्तचा. आणि इजिप्त तर सायरसने जिंकलाही नव्हता, ते काम त्याच्या मुलाने केलं. पलीकडच्या महालाच्या दारात कोरीव आकृत्या अर्ध्याच उरल्यात. माणसाचे पाय आणि त्यामागे माशाची शेपटी, शेजारी बैलाचे खूर. बायको बराच वेळ त्या पायांसमोर उकिडवी बसली होती. पाठ्यपुस्तकात सायरसची सहिष्णुता एका वाक्यात उरकतात. इथे ती दगडात दिसते. दुसऱ्याचं मोडून टाकायचं नाही, त्यालाच कामाला लावायचं. त्यात चांगुलपणा किती आणि हिशेब किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी या माणसाच्या नादी लागलो ते मुंबईत. 2013-14 च्या हिवाळ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचा 'सायरस सिलिंडर' आला होता. वीतभर लांबीचं, मध्ये फुगलेलं मातीचं नळकांडं, त्यावर मुंग्यांसारखी बाबिलोनी अक्षरं. माझ्या पुढे रांगेत पारशी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन उभे होते. इ. स. पू. 539 मध्ये सायरसने आजच्या इराकमधलं बाबिलोन घेतल्यावरचा हा मजकूर. देवांच्या मूर्ती आपापल्या देवळांत परत पाठवल्या, माणसांना आपापल्या गावी जाऊ दिलं, असं त्यात आहे. 1971 मध्ये इराणच्या शाहने याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना दिली आणि 'मानवी हक्कांची पहिली सनद' ही ओळख जगभर झाली. मोबाईलवर फिरणारी 'गुलामगिरी बंद' वगैरे वाक्यं मात्र त्यावर नाहीत. बाबिलोनमधल्या ज्यूंना त्याने मायदेशी जाऊ दिलं, याचा उल्लेखही नाही. तो आहे बायबलात, आणि मराठी बायबलात या राजाचं नाव 'कोरेश'. इराणी लोक म्हणतात 'कुरुश'. तिकडे तुम्ही सायरस म्हणालात तर क्षणभर कोरे चेहरे दिसतील, कुरुश म्हणालात की चहा येतो.

आता थोडं कामाचं. भारतीय कार्डं इराणमध्ये चालत नाहीत, त्यामुळे सगळे पैसे युरो किंवा डॉलरमध्ये रोख न्या आणि शहरात बदला. भाव तोमानमध्ये सांगतात, नोटेवर रियाल असतो. एक तोमान म्हणजे दहा रियाल. शून्य मोजूनच नोट द्या. पैसे देताना गाडीवाला 'काबेली नदारे' म्हणेल, म्हणजे 'कशाला, राहू द्या'. तो शिष्टाचार आहे, खरं मानून चालते होऊ नका. बायकांना डोक्यावर रुमाल, पुरुषांना पूर्ण पँट. शाकाहारी असाल तर डबा घेऊनच निघा. आम्ही मादर-ए-सुलेमान गावात गरम रोटी घेतली, शिराझहून आणलेलं काकडी-टोमॅटोचं सॅलड त्यात गुंडाळलं आणि गाडीच्या बॉनेटवर जेवलो.

दिवस निवडताना नवरोजचा पंधरवडा (20 मार्चपासून) आणि शुक्रवार टाळा, गर्दी असते. ऑक्टोबरअखेरचे दिवसही टाळाच. 29 ऑक्टोबरच्या आसपास इराणी लोक 'कुरुश दिन' म्हणून इथे जमतात. 2016 मध्ये प्रचंड गर्दी झाली, घोषणाबाजी झाली. तेव्हापासून त्या दिवसांत रस्ते अडवतात. अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राजाच्या कबरीवर फूल ठेवणं आजच्या सरकारला खुपतं.

आम्ही गेलो तेव्हा विमानाने येणाऱ्या भारतीयांना पंधरा दिवस व्हिसा लागत नव्हता. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ती सवलत थांबवली. त्या वर्षी जूनमध्ये तिथे युद्धही झालं. तेव्हा तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचा, मगच गाडीवाल्याशी क्रमावरून भांडायच्या तयारीला लागा.