गेंडा, चाक आणि बोगद्यातली सायकलस्वार

सिअ‍ॅटलच्या फ्रीमाँट भागात जिओकॅशिंगचं (जीपीएसच्या मदतीने लपवलेले डबे, म्हणजे 'कॅश', शोधायचा खेळ) मुख्यालय आहे आणि तिथे ट्रॅव्हल बगांनी भरलेला एक मोठा पेटारा आहे. पेटाऱ्यात हात घातला की रिकामा बाहेर काढणं जिवावर येतं. मी चार बग उचलले. एका माणसाला दोन पुरे, हे मला ठाऊक होतं. ताईने तेवढ्यात विचारलंच, "ही खेळणी तू सांभाळणार की मी?"

खेळात नव्या असलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅव्हल बग म्हणजे मण्यांच्या साखळीने एखाद्या वस्तूला अडकवलेला धातूचा बिल्ला. बिल्ल्यावर एक किडा कोरलेला असतो, त्याचं अंग बारकोडचं असतं, आणि सोबत सहा अक्षर-आकड्यांचा कोड. वस्तू कुठे जावी हे मालक खेळाच्या संकेतस्थळावरच्या तिच्या पानावर लिहून ठेवतो. आपण ती एका डब्यातून काढायची, दुसऱ्या डब्यात ठेवायची आणि दोन्ही नोंदी करायच्या. कोड ज्याच्याकडे असेल तो नोंद करू शकतो, त्यामुळे फोटो काढताना कोडावर अंगठा ठेवायचा. ही सवय नसली तर घरबसल्या 'पाहिला, पाहिला' लिहिणाऱ्यांची रांग लागते.

माझ्या वाट्याला आले ते असे. प्लास्टिकचा गेंडा, शिंगावर कुणाच्या तरी दातांच्या खुणा. त्याला पहिल्यावहिल्या कॅशची जागा बघायची होती. खेळण्यातल्या गाडीचं चाक, त्याची अट होती 'पूर्वेला न्या, पण विमानाने नको'. दुसऱ्या खंडात जायची इच्छा असलेलं एक पाइनचं बोंड. आणि कसलीच इच्छा नसलेलं एक जड जिओकॉइन, म्हणजे तसाच कोड कोरलेलं नाणं.

पूर्वी मी असले बग घेऊन स्वतः धावायचो. त्यासाठी वाट वाकडी करायची, मग वेळ पुरायचा नाही, आणि बग महिनोन्महिने बॅगेच्या तळाशी पडून राहायचा. दोन आठवड्यांत पुढे सरकवावा, असा रिवाज आहे. आता मी आधी बग जिथे जायचा तिथे आपसूक जाणारा माणूस शोधतो. या प्रवासात तेच करून पाहायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हायक गाठलं. सिअ‍ॅटलहून हमरस्त्याने तासाभराची वाट. इथून स्नोक्वाल्मीचा जुना रेल्वे बोगदा सुरू होतो. आता तिथून गाड्या जात नाहीत, माणसं चालतात आणि सायकली जातात. बोगदा ३.७ किलोमीटरचा आहे आणि पलीकडच्या तोंडाशी 'प्लॅनेट ऑफ द एप्स' चित्रपटाच्या जाहिरातीसाठी २००१ मध्ये ठेवलेल्या मोजक्या 'एप' कॅशपैकी एक आहे. हा डबा २०११ मध्ये नाहीसा झाला होता, काही वर्षांनी पुन्हा सुरू झाला. जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बोगदा नोव्हेंबरपासून एप्रिलअखेरपर्यंत बंद असतो. आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी आत जाकीट लागतं. छतातून पाणी ठिबकतं, पलीकडचं तोंड बराच वेळ टाचणीच्या टोकाएवढंच दिसतं. कपाळावरचा दिवा हवाच. मोबाइलच्या उजेडावर विसंबलेली ताई अर्ध्या वाटेत माझ्या बॅगेचा पट्टा धरून चालत होती.

डब्यापाशी एक सायकलस्वार बाई भेटल्या, कॅशरच, म्हणजे हाच खेळ खेळणाऱ्या. बोगदा ज्या वाटेवर आहे ती जुन्या रूळमार्गाची वाट राज्याच्या पूर्व सीमेकडे जाते, चारशे किलोमीटरहून लांब. त्या तीच वाट संपवायला निघाल्या होत्या. मी खिशातून चाक काढलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि काही न बोलता हँडलच्या दांडीला साखळीने अडकवलं. मग चाक बोटाने फिरवून पाहिलं. फिरलं!

इथे एक बारकावा आहे. नकाशावरचं अंतर डब्यापासून डब्यापर्यंत सरळ रेषेत मोजलं जातं, वळणं धरली जात नाहीत. म्हणून मी आधी 'एप' डब्यावर चाकाची भेट नोंदवली, म्हणजे नकाशात तो ठिपका आला. हातोहात दिलेला बग डब्यात ठेवल्याची नोंद करू नये. घेणाऱ्याने कोड वापरून तो सरळ आपल्या नावावर घ्यायचा, एवढंच. मी समोरच त्यांना कोड टिपून घ्यायला लावला. बिल्ला वाटेत पडला तरी नोंद करता येते.

गेंड्यासाठी मात्र मीच योग्य होतो, कारण आम्हाला पोर्टलंडला जायचंच होतं. सिअ‍ॅटलहून रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. ३ मे २००० रोजी, जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकी सरकारने काढून टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली. आज तिथे रस्त्याकडेला स्मारक-फलक आहे. त्या बादलीतला घेवड्याचा डबाबंद कॅन पुढे सापडला आणि तो स्वतःच ट्रॅकेबल (बगसारखा कोड असलेली, माग ठेवता येणारी वस्तू) होऊन कॅशरच्या हातांतून मेळाव्यांना जातो. कुणी त्याला डब्यात ठेवत नाही, आणि तो अजून शाबूत आहे. मला वाटतं, मौल्यवान बगसाठी हाच मार्ग बरा.

फलकापाशी गेंड्याचा फोटो काढला, भेट नोंदवली आणि तिथून थोड्या अंतरावरच्या मध्यम आकाराच्या डब्यात त्याला ठेवला. चूक इथे झाली. त्या झाडीत नेटवर्क नव्हतं, आणि मी नोंद संध्याकाळी करू म्हटलं. दुपारीच कुणीतरी येऊन गेंडा उचलला आणि लगेच आपल्या नावावर केला. आता माझी 'ठेवला' ही नोंद बसेना. शेवटी कोड टाकून गेंडा पुन्हा माझ्याकडे घेतला, त्या डब्यात ठेवल्याची नोंद केली आणि त्या माणसाला नम्रपणे लिहिलं की कृपया परत काढून घ्या. त्यांनी तासाभरात केलं, पण सगळेच करतात असं नाही. म्हणून नेटवर्क नसेल तिथे बग ठेवण्याआधी अॅपमध्ये मसुदा करून ठेवा, आणि कोडाचा फोटो स्वतःपाशी असू द्या.

पाइनच्या बोंडाने वेगळाच पेच टाकला. बिया, लाकूड, माती असल्या गोष्टी सीमेपलीकडे नेऊ नयेत. अनेक देशांत त्यावर बंदी असते आणि कीड पसरण्याची भीतीही खरी असते. मालकाला संदेश पाठवला. उत्तर आलं: बोंड टाकून द्या, बिल्ला तेवढा न्या. मग बोंडाचा फोटो छापून, प्लास्टिकमध्ये सील करून, बिल्ल्याला जोडला. हलका झाला आणि छोट्या डब्यातही मावेल. वस्तू मोठी, नाजूक किंवा लाडकी असेल तर ही युक्ती धरावी. नव्या बगसोबत दोन बिल्ले येतात, त्यातला एक मालकाने घरी ठेवला की हरवलेल्याला दुसरा जन्म देता येतो. टपालाने पाठवायचं असेल तर मालकाला आधी विचारा; काहींना त्यात खेळच उरत नाही असं वाटतं. आणि अनोळखी माणसाकडून सीलबंद पाकीट घेऊन विमानात चढू नका, कॅशर असला तरी. उघडं बघूनच घ्या.

जड जिओकॉइन मी पाचशेहून अधिक लोक जमतात अशा एका मेगा मेळाव्याला निघालेल्याच्या हवाली केलं. डब्यातून जिओकॉइन चोरीला जातात, मेळाव्यात टेबलावर निदान शंभर डोळे असतात.

परतताना मनात आलं, अवकाशातही हेच घडलं आहे. रिचर्ड गॅरियट यांनी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर कॅश ठेवली. २०१३ मध्ये अंतराळवीर रिक मास्ट्राकिओ यांनी शाळकरी मुलांचा ट्रॅव्हल बग तिथे नेला. नासाच्या पर्सिव्हिअरन्स बग्गीवर तर ट्रॅकेबल बसवूनच पाठवला, २०२१ पासून तो मंगळावर आहे. ज्यांना जायचंच होतं त्यांच्याकडे दिला.

निघण्याआधी माझं काम साधं असतं: जिथे जायचं तिथल्या परिसरातल्या डब्यांच्या नोंदी वाचतो, आकार बघतो (सूक्ष्म डब्यात बग मावत नाही), आणि अलीकडे डबा सापडला आहे का ते तपासतो. महिनोन्महिने कुणी न आलेल्या डब्यात बग म्हणजे कोंडवाडा. मग आजूबाजूच्या कॅशरच्या नोंदींतून कोण कुठे निघालंय हे कळतं. 'पुढच्या महिन्यात लांबच्या सायकलप्रवासाला' असं एक वाक्य दिसलं तरी पुरे, मी संदेश पाठवतो.

नऊ दिवसांनी चाकाची नोंद आली. सोबत फोटो: धुळीची सायकल, हँडलवर चाक, मागे गव्हाची शेतं. खाली दोनच ओळी. सीमेजवळचा डबा त्यांना सापडला नाही. चाक अजून त्यांच्याकडेच आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा शोधणार आहेत.