शेजारचं बोट

पहिला पाऊस आला की आमच्या वास्कोत वीज जाते. यंदाही गेली. मेणबत्ती शोधायला उठलो आणि उजव्या पायाची करंगळी पलंगाच्या खुराला अशी आदळली की अंधारात काजवे चमकले. सकाळी एक्स-रे काढला. हाडाला चीर!

मला वाटलं, आता प्लास्टर. पण डॉक्टरांनी बेचक्यात गॉजची घडी सारली आणि करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून टाकली. "चार-सहा आठवडे हे बोट तिला सांभाळेल," म्हणाले. हाताच्या त्या बोटाला निदान अनामिका म्हणतात. पायाच्या बोटाला तेवढंही नाव नाही, आणि भरवसा सगळा त्याच्यावर!

पाय उशीवर ठेवून पडलो की त्या बोटाकडे बघत बसायचो. एका पावलात 26 हाडं, त्यांतलं एक दुखावलं. ज्या सुजेला मी शिव्या घालत होतो, ती म्हणजे आत मदतीला धावलेल्यांची गर्दी होती. चिरेपाशी रक्त साकळतं, त्या जागी मऊ कूर्चा धरते, मग तिचंच हळूहळू हाड होतं. वर डावा पाय जास्तीचा भार घेतो, कंबर वाकडी होऊन त्याला सांभाळते आणि रात्री स्वतःही ठणकते. करंगळीला उपदेश मात्र कुणीच करत नाही.

बायबलमधल्या, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय मी चर्चच्या उपासनेत कितीदा ऐकलाय. एक अवयव दुखावला तर सगळेच त्याच्याबरोबर दुखावतात. डोळा हाताला म्हणू शकत नाही, की तुझी मला गरज नाही. ऐकताना मान डोलवायची आणि घरी येऊन रविवारचं मटण खायचं, इतकाच माझा संबंध. नव्या करारात धीर देण्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, त्याच्या मुळाशी 'जवळ बोलावणं' आहे. आपल्या मराठीतही धीराचे शब्द अंगातूनच निघतात: पाठ थोपटणं, हात देणं. (खांदा देणं मात्र जपून. त्याला फार उशीर झालेला असतो.)

आमच्या मंडळीतले एक भाऊ जहाजावर होते. आजारी पडले म्हणून परत पाठवलं, पगार थकला. गेल्या महिन्यात मी त्यांना फोनवर चार वचनं ऐकवली होती, "देव बघेल" म्हणालो होतो, आणि काम झालं असं समजून फोन ठेवला होता. त्यानंतर ते उपासनेला आले नाहीत.

परवा लंगडत त्यांच्याकडे गेलो. बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत बसलो. त्यांनी माझी चिकटपट्टी बघितली आणि कितीतरी दिवसांनी हसले असावेत, कारण वहिनी आतून डोकावल्या. चहा आला, सकाळचे उरलेले पाव आले. पावसाचं, माशांच्या भावाचं बोलणं झालं. वचन एकही काढलं नाही, काढवेना.

निघताना म्हणाले, "सोमवारी पणजीला जायचंय, पगाराच्या कागदांसाठी. एकट्यानं जायचा कंटाळा येतो."

"कितीची कदंब बस?"

"साडेआठची. पण तुमचा पाय?"

"तुम्ही जरा हळू चाला म्हणजे झालं."