डाय बदलायला किती वेळ लागतो?

टूलरूममधून निवृत्त झाल्यापासून मी भोसरी-चाकणच्या लहान प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांत, अधूनमधून जातो. मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘साहेब, चायनाच्या रेटला आपण टिकत नाही.’ मग लेबर, वीज, स्टीलचा भाव. सगळं खरं, पण यातलं काहीच त्याच्या हातात नाही. म्हणून मी विचारतो, डाय (प्रेसमधला पत्र्याला आकार देणारा साचा) बदलायला किती वेळ लागतो?

‘असेल तासभर.’ परवा एका ठिकाणी घड्याळ लावून बसलो तर दोन तास गेले. डाय प्रत्यक्ष बसवायला त्यातला थोडाच वेळ लागला. बाकी वेळ सेटर, म्हणजे डाय बसवणारा कारागीर, ती आवळायचे क्लॅम्प शोधत होता. तीन मापांचे बोल्ट, म्हणून तीन पाने, त्यातला एक शेजारच्या शेडमध्ये गेलेला. प्रत्येक डायची उंची वेगळी, म्हणून शट हाइट (प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची) दर वेळी नव्याने लावायची. पहिला पीस तपासणारा पोरगा चहाला.

मशीनचा दर तासाला ६०० रुपये धरा. दोन तासांचे १२००. एका डायवर सलग काढलेल्या पाच हजार पीसच्या लॉटवर पीसमागे २४ पैसे, पाचशेच्या लॉटवर २ रुपये ४० पैसे. म्हणून मालक म्हणतो, पाच हजारांच्या खाली परवडत नाही. आणि तिथेच तो हरतो. मोठा लॉट चीनवालाही देतो, तोही स्वस्तात. पण त्याचा कंटेनर न्हावा शेवाला यायला काही आठवडे जातात. भोसरीचा टेम्पो चाकणला त्याच दिवशी पोचतो, अगदी मोशीच्या ट्रॅफिकमधूनसुद्धा! एवढा जवळ असल्याचा फायदा आपण पाने शोधण्यात घालवतो.

१९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी ते तीन मिनिटांवर आणलं. मशीन चालू असतानाच उरकता येणारी कामं आधी वेगळी काढायची, हे त्यांचं सूत्र. आपल्याला वीस मिनिटंही पुरेत. तेवढ्यात पाचशेच्या लॉटवर ४० पैसेच पडतात. पुढची डाय ट्रॉलीवर तयार, बोल्ट एकाच मापाचे, डायखाली पॅरलल (पोलादी ठोकळे) लावून उंची सारखी. नव्या प्रेसच्या मानाने खर्च किरकोळ.

लहान लॉटमुळे पत्र्याच्या कॉइलमध्ये पैसाही कमी अडकतो. गिऱ्हाइकाकडे अडकतो तो वेगळा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात गिऱ्हाइकाने पैसे चुकते करायला ४५ दिवसांची मर्यादा आहे, उशिरावर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही आहे. चालू गिऱ्हाइकाकडे ते व्याज मागणारा मालक मात्र मला अजून भेटायचाय.

खरी अडचण सेटरची. त्याचं कसब त्या दोन तासांतच आहे असं त्याला वाटतं. त्याला न विचारता बदल लादला की नव्या ट्रॉलीवर महिन्याभरात स्क्रॅपच्या गोण्या दिसतात, हे मी पाहिलंय. त्यामुळे बोल्टचं माप, ट्रॉलीची जागा त्यालाच ठरवू द्यावी. परवाच्या शॉपमध्ये सेटरने पहिली मागणी केली ती शेजारी गेलेला पाना परत आणायची.