सेल्सचं इंग्रजी गोडाऊनमध्ये शिकावं

लालबाग, काळाचौकी, परळ, शिवडी या पट्ट्यातल्या किराणा दुकानांना माल पुरवणाऱ्या एका डिस्ट्रिब्युटरकडे मी सुपरवायझर आहे. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं असा सगळा माल. बीटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या दुकानांच्या फेरीवर, फिरणारी पोरं बहुतेक मराठी माध्यमातली. काही इथल्याच चाळीत वाढलेली, काही चिपळूण-पाटणकडून मामाकडे राहायला आलेली. दुकानदाराशी कसं बोलायचं, उधारी कशी काढायची हे त्यांना उपजत कळतं. पण कंपनीचा एरिया मॅनेजर रिव्ह्यूला बसला आणि इंग्रजीत प्रश्न सुरू झाले की हीच पोरं माना खाली घालतात. मग कुणीतरी स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतो. तिथे त्याला स्वतःची ओळख करून द्यायला आणि हॉटेलात जेवण मागवायला शिकवतात. महिन्याची फी जाते आणि पुढच्या रिव्ह्यूला मान पुन्हा खालीच.

म्हणून शनिवारी बिलिंग आटोपलं की मी पोरांना गोडाऊनमध्येच बसवतो. मी एकच सांगतो: शब्द पाठ करू नका. माल आत्ता कुणाकडे आहे आणि पैसा कुणाचा अडकलाय, एवढं विचारा. विक्रीतल्या बहुतेक इंग्रजी शब्दांचा अर्थ त्या दोन प्रश्नांतून निघतो.

सुरुवात प्रायमरी आणि सेकंडरीपासून. कंपनीने आमच्या गोडाऊनला बिल केलेला माल ही प्रायमरी. आम्ही दुकानदाराला बिल केला ती सेकंडरी. गिऱ्हाईकाने दुकानातून उचलला की टर्शरी. समजा, एकाच भावाने धरून, प्रायमरी 10 लाखांची झाली आणि सेकंडरी 7 लाखांची. मग 3 लाखांचा माल आमच्याकडे पडून आहे आणि ते 3 लाख आमच्या शेठचे आहेत. कंपनीच्या कागदावर मात्र 10 लाखांचा सेल झालेला असतो. महिनाअखेरीला टार्गेटसाठी माल टाकायला कुणी आलं, तर पोराला हे वाक्य म्हणता आलं पाहिजे: ‘सेकंडरी इज लो, क्लोजिंग स्टॉक इज हाय, प्लीज डोन्ट बिल मोअर धिस वीक.’ व्याकरण साधं आहे, पण ते म्हणायला क्लोजिंग स्टॉकचा, म्हणजे शेवटी गोडाऊनमध्ये उरलेल्या मालाचा, आकडा तोंडात लागतो. आकडा असला की आवाज आपोआप वर येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मार्जिन आणि मार्कअप यावर तर दुकानात वाद होतात. वस्तू 80 ला घेतली, 100 ला विकली. दुकानदार म्हणतो, पंचवीस टक्के सुटले. कंपनीचा माणूस म्हणतो, वीस टक्के मार्जिन आहे. दोघंही बरोबर. 20 रुपये 80 वर मोजले तर 25 टक्के, तो मार्कअप. विक्रीच्या 100 वर मोजले तर 20 टक्के, ते मार्जिन. पोराला हा फरक माहीत नसला तर दुकानदाराला वाटतं की हा पाच टक्के मधल्या मध्ये खातोय. शब्द चुकला तर भरवसा जातो, म्हणून मी इथे घाई करत नाही.

स्कीमचंही तसंच. ‘12 वर 1 फ्री’ म्हटलं की पोरं 1 ला 12 ने भागतात आणि सव्वाआठ टक्क्यांच्या वर सूट सांगून मोकळी होतात. भागायचं 13 ने, कारण दुकानदाराच्या हातात 13 नग आले. सूट 7.69 टक्के. 10 रुपयांचा नग त्याला 9 रुपये 23 पैशांना पडला. आमचे कच्छी दुकानदार याला पडतर म्हणतात, कंपनीवाले लँडिंग. हे दुकानदार हा हिशोब मनातल्या मनात करतात, त्यांच्यापुढे चुकीचा टक्का बोलू नये.

विलायती पुस्तकांतून विक्रीचं इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्यांत ‘रेकमेंडेड रिटेल प्राइस’ असते. ती नावाप्रमाणे शिफारस असते, दुकानदाराला बांधून ठेवत नाही. आपली एमआरपी सर्व करांसकट असते आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे. 2011 च्या वैधमापनशास्त्र नियमांनुसार ती पाकिटावर छापावीच लागते. कमी घ्यायला हरकत नाही.

22 सप्टेंबर 2025 ला आंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. करासकट 118 ला असलेली वस्तू 105 वर यायला हवी. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एकच होता: जुना माल मी जुन्या भावाने भरलाय, फरक कोण देणार? तेव्हा ‘ओल्ड स्टॉक’, ‘रिव्हाइज्ड एमआरपी’, ‘प्राइस डिफरन्स’ हे शब्द पोरांना आपोआप आले. क्रेडिट नोट म्हणजे आपण दुकानदाराला तेवढे पैसे देणं लागतो हे मान्य केलं, हेही तेव्हाच पक्कं झालं.

पण मला सगळ्यात जास्त पोटतिडकीने सांगायचंय ते गणपतीतल्या सेलबद्दल. आमच्या भागात गणपती आले की चाळीच्या चाळी कोकणात जातात. खोल्यांना कुलुपं लागतात. महिन्याचं सामान भरणारं कुटुंबच इथे नसतं, म्हणून साबणाचे चाराचे पॅक आणि शाम्पूच्या मोठ्या बाटल्या पडून राहतात. त्याच वेळी लालबागच्या रस्त्यावर दर्शनाच्या रांगा लागतात आणि पाच-दहा रुपयांचे बिस्किटपुडे दुपारपर्यंत संपतात. बीटवरच्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असतं. वरच्या ऑफिसला मात्र दिसतं की मोठ्या पॅकचा सेल पडला, म्हणजे पोरगा काम करत नाही. तिथे ‘सर, लोग गाव गये’ एवढंच म्हटलं तर ते निमित्त वाटतं. म्हणून मी त्याला असं मांडायला लावतो: ‘लार्ज पॅक्स आर डाउन बिकॉज फॅमिलीज आर अवे. स्मॉल पॅक्स आर अप. आय नीड मोअर स्टॉक ऑफ स्मॉल पॅक्स बिफोर द फेस्टिव्हल.’ आधी काय पडलं, मग कारण, मग मागणी. यातला एकही शब्द अवघड नाही. त्याच्याकडे जे ज्ञान आहे ते ऑफिसातल्या कुणाकडेच नाही, आणि केवळ इंग्रजीच्या धाकाने ते वाया जावं याचा मला खरोखर त्रास होतो.

वसुलीत तीन शब्द नीट वेगळे ठेवावेत. येणं असलेली सगळी रक्कम आउटस्टँडिंग. जिची तारीख आली ती ड्यू. जिची तारीख उलटली ती ओव्हरड्यू. ओव्हरड्यू नसलेल्या दुकानदाराला तसं म्हटलं तर तो ऑर्डर बंद करतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

शेवटचं काम असतं क्लेमचं. फुटलेल्या किंवा एक्स्पायरी मालाचे पैसे कंपनीकडून सुटायचे असतील तर मेल लिहावा लागतो. पोरं ‘रिस्पेक्टेड सर’पासून अर्धं पान लिहितात आणि बॅच नंबर विसरतात. आता गोडाऊनच्या भिंतीवर मी एक नमुना चिकटवलाय. त्यात बिल नंबर, तारीख, मालाचं नाव, बॅच नंबर, नग, रक्कम, आणि शेवटी एक ओळ: ‘प्लीज इश्यू क्रेडिट नोट.’ फोटो जोडायचा आणि पाठवायचा. पोरं आता मेल स्वतःच लिहितात, माझ्याकडे फक्त रक्कम तपासायला आणतात.