ओरिजनल फोटो मशीनमध्ये गेला तो दिवस

मी पुण्यात घरूनच हँडमेड कार्ड आणि स्क्रॅपबुकच्या ऑर्डरी घेते. कागद कापायचं मशीन हाताने फिरवायचं आहे, दोन रोलरचं. कागदावर डाय, म्हणजे हव्या त्या आकाराचा धारदार कडेचा धातूचा साचा, ठेवून रोलरमधून काढला की तो आकार कापून निघतो. गेल्या जुलैमधली ही गोष्ट, सांगायला अजूनही जड जातं पण या कामात नवीन असणाऱ्यांनी वाचावं असं फार वाटतं.

एका दादांच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवस, अशा हजार पौर्णिमा धरल्या की 80 वर्षं पूर्ण होऊन वर काही महिने जातात, म्हणून मी ठरवलं की 12 बाय 12 इंचाच्या प्रत्येक पानावर एक चंद्र, म्हणजे गोल डायने कापलेला आजींचा फोटो आणि भोवती लेसच्या डायची कागदी महिरप. दादांनी जुने फोटो विश्वासाने माझ्याकडे दिले होते, मी ते स्कॅन करून मॅट पेपरवर प्रिंट काढून आणले. आणि इथे चूक केली, प्रिंट आणि ओरिजनल एकाच पाकिटात ठेवले.

त्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस. अशा हवेत कार्डस्टॉक, म्हणजे कार्डाचा जाड कागद, ओल धरतो, मग डायची धार कागद कापत नाही, नुसता दाबते आणि बारीक नक्षीत तंतू अडकून बसतात. मी एकेक शीट कोमट इस्त्रीखाली धरून, डायखाली बटर पेपर घालून, दोनदा दोनदा रोल करत होते. दुपारी चारला लाइट गेली. मशीनला विजेची गरज नाही म्हणून खिडकीपाशी बसून काम चालूच ठेवलं, हाताला लय लागली होती, खाली पॅड, त्यावर फोटो, त्यावर डाय धार खाली करून, वर दुसरं पॅड, हँडल फिरवायचं, कट्ट असा आवाज आला की पुढचा.

पाचवा की सहावा गोल काढून पॅड उचललं आणि बाजूला उरलेल्या तुकड्याच्या कडेला ती जुन्या फोटोंना असते तशी कातरलेली नागमोडी बॉर्डर दिसली. प्रिंट काढताना मी बॉर्डर क्रॉप केली होती. म्हणजे हा ओरिजनल. 1965 सालचा स्टुडिओतला फोटो, आजी आणि त्यांची मोठी बहीण. आजींचा चेहरा गोलात नीट आला होता आणि बहिणीचा, अक्कांचा, हात कोपरापाशी तुटला होता.

पोटात गोळा आला. मिनिटभर वाटलं की स्कॅन तर आहे, चांगली प्रिंट काढून देऊ, कोणाला कळणार आहे? पण ते माझ्याच्याने झालं नसतं. दोन्ही तुकडे टिश्यूत ठेवले, चिकटवायला हात लावला नाही, आणि दादांना फोन केला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग एवढंच म्हणाले, "उद्या आईला घेऊन येतो, तुम्हीच सांगा तिला."

दुसऱ्या दिवशी आजी आल्या, मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून आधी गोल बघितला, मग भोक पडलेला बाकीचा फोटो हातात घेतला आणि त्याच्याकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "ही साडी माझी नव्हेच गं, अक्काची. फोटोपुरती नेसवली मला आणि स्वतः जुनी नेसून उभी राहिली." दादांनाही हे माहीत नव्हतं.

मी विचारलं, आजी, परत बसवू का? डायची कापणी सुरीसारखी सरळ असते, कापलेला भाग त्याच भोकात परत बसतो, आमच्यात त्याला इनले म्हणतात आणि रंगीत कागदात आम्ही हे नेहमी करतो. त्या हो म्हणाल्या तेव्हाच सुरुवात केली. मागे शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांचा कागद घेतला, कारण लाकडाच्या लगद्याचा साधा कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटोलाही खराब करतो, त्यावर अ‍ॅसिड-फ्री चिकट शीट, आधी बाहेरचा भाग, मग चिमट्याने गोल, अक्कांचा हात कोपराला जुळेपर्यंत कणाकणाने फिरवत. फेविकॉल अशा कामाला चुकूनही घेऊ नका, पाण्याने फोटो वळतो.

रेष राहिलीच, केसाएवढी, उजेडात तिरका धरला की आजींच्या चेहऱ्याभोवती दिसते. दादा शेवटपर्यंत नाराज होते आणि ते बरोबरच होतं, मी पैसे घेतले नाहीत.

आता ओरिजनल फोटो स्कॅन झाल्या झाल्या दुसऱ्या खोलीतल्या कपाटात जातात आणि प्रत्येक प्रिंटच्या मागे मी पेन्सिलने "प्रत" लिहिते. आजींनी जाताना एक काम सांगितलं होतं, अक्कांचाही एक चंद्र कर म्हणून. तो स्कॅनवरून केला, शेवटच्या पानावर, सगळ्यात मोठ्या डायने.