टायरवरचा अनवाणी पाय

पहाटे पावणेचारची वेळ. रात्रभर लांबच्या स्टँडवर उभं असलेलं बोइंग ७३७ सव्वापाचला सुटायचं होतं. मुक्कामी विमानाच्या चाकांच्या तिन्ही पायांना, म्हणजे गिअरला, आम्ही पिना लावून ठेवतो, चुकूनसुद्धा ते मिटू नये म्हणून. लाल फिती लोंबणाऱ्या त्या पिना सकाळी मोजून काढायच्या, हे माझं काम. विमान देखभालीचा इंजिनिअर म्हणून बावीस वर्षं करतोय. पुढची काढली, उजवी काढली, डावीकडे वळलो आणि टॉर्चचा उजेड टायरवर पडला.

टायरच्या बाजूला चिखलाचा ठसा होता. पाच बोटं आणि चवडा. टाच उमटलीच नव्हती.

रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या आवारात, अनवाणी कोणी फिरत नाही. पोलादी टोकाचे बूट नसतील तर आम्हाला आतच सोडत नाहीत. एखाद्या लोडरने गंमत केली असेल, असंच मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, बोटं वरच्या दिशेला आहेत. हा वर चढणाऱ्याचा पाय आहे.

या विमानाच्या मुख्य चाकांना झाकणारी दारं नसतात. पाय मिटले की चाकं पोटातल्या पोकळीत जाऊन बसतात आणि बाहेरून टायरच्या बाजू तेवढ्या दिसतात. त्या पोकळीला आम्ही व्हील वेल म्हणतो. विमान उभं असताना खालून डोकं आत घालून सरळ उभं राहता येतं. आत हायड्रॉलिकच्या टाक्या, पाइपांचं जाळं, पंखांकडे जाणाऱ्या केबल आणि फ्लॅप फिरवणारी मोटर. सगळ्यावर काळपट चिकट थर. रोज तिथे टॉर्च मारतो तो गळती बघायला. हायड्रॉलिकचं तेल जांभळं असतं, कातडीला लागलं की चरचरतं. डोळा फक्त त्या जांभळ्या थेंबाच्या शोधात असतो. थेंब नसला की आपण म्हणतो, आत काही नाही.

त्या दिवशी थेंब नव्हता. मागच्या भिंतीजवळ, दोन पाइपांच्या मधे, एक टाच होती.

मी हाक मारली. हालचाल नाही. पुन्हा मारली, मोठ्याने. तरी नाही. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा माझ्याबरोबरचा ट्रेनी धावत आला आणि टाचेकडे बघून तिथेच थिजला. माणूस गेलाय, असं मी मनात धरूनच टाकलं. पण त्याआधी एक काम होतं. कॉकपिटमध्ये क्रू येऊन बसला होता. पंप लावून कोणी स्टिअरिंग फिरवून बघितलं असतं तर डाव्या पोकळीतले एलेरॉनचे, म्हणजे पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांचे, दांडे आणि केबल हलल्या असत्या. त्यात तीन हजार पीएसआयचं, म्हणजे दर चौरस इंचाला तीन हजार पौंडांचं बळ असतं. मधे हात आहे की पाय, ते काही बघत नाही.

हेडसेट लावला. "कॅप्टन, पंप लावू नका, कंट्रोलला हात लावू नका. डाव्या व्हील वेलमध्ये माणूस आहे."

क्षणभर शांतता. मग, "आपला?"

"आपला नाही."

एवढ्यात ती टाच आत ओढली गेली.

तो जिवंत होता, फक्त त्याला ऐकू येत नव्हतं. दोन्ही कानांत त्याने कापसाचे बोळे गच्च कोंबले होते. मी टॉर्च स्वतःच्या तोंडावर धरला, हाताने "खाली ये" अशी खूण केली, आणि बाजूला सरकलो. जबरदस्ती करायची नाही, हे मी ट्रेनीला दटावून सांगितलं. घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो, आणि तिथे धरायला पाइप आणि केबलच आहेत. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग आधी एक पाय टायरवर आला, बरोबर त्या ठशाच्या जरा वर, आणि पाठोपाठ सगळा मुलगा.

मुलगाच म्हणायचा. नुकतं मिसरूड फुटलेलं. अंगात एकावर एक तीन शर्ट, वर स्वेटर. पाय उघडे, बहुधा चढताना घसरू नये म्हणून चपला कुठेतरी टाकलेल्या. तोंडावर आणि हातांवर ग्रीस. उजव्या हाताने त्याने पँट कमरेशी घट्ट धरली होती. भीतीने माणूस कशालाही धरून राहतो, असं मला वाटलं.

त्याची आणि माझी भाषा एक नव्हती. मधल्या मोडक्यातोडक्या भाषेत मी विचारलं, वर किती थंडी असते माहीत आहे का? त्याने तीन शर्ट दाखवले. मग वर बोट करून म्हणाला, "तिथे गरम असतं. चाकं गरम असतात." कोणीतरी त्याला सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्याचं सगळंच खोटं नव्हतं. उतरल्या उतरल्या ब्रेक इतके तापलेले असतात की जवळ गेलं तर तोंडाला झळ लागते. हायड्रॉलिकच्या पाइपांतही ऊब असते. पण हे विमान रात्रभर उभं होतं. ब्रेकवर मी तळहात टेकवून दाखवला. गार होते. त्याने हात लावला नाही. माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता त्यात आभार सोडा, ओळख पटल्यासारखा राग होता. याच माणसाने सगळं बुडवलं, असा.

सुरक्षा दलाची गाडी येईपर्यंत आम्ही तिघं पंखाखाली उभे होतो. ट्रेनीने हळूच विचारलं, "सर, यातून कोणी वाचतं का?"

वाचतं. तेच तर वाईट आहे. कोणीच वाचलं नसतं तर हा विचार कुणाच्या डोक्यात टिकला नसता. १९६९ साली हवानाहून माद्रिदला गेलेल्या डीसी-८ च्या व्हील वेलमधून एक तरुण जिवंत बाहेर पडला. त्याच्याबरोबर चढलेला मित्र पोहोचला नाही. १९९६ साली दिल्लीहून लंडनला दोघे भाऊ गेले, त्यातला एकच वाचला. २०१४ मध्ये पंधरा वर्षांचा एक मुलगा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून हवाईतल्या माउईला, सुमारे साडेपाच तास, असाच जाऊन उतरला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काबूलहून दिल्लीला आलेला तेरा वर्षांचा मुलगा तर विमानतळावर इकडेतिकडे फिरताना सापडला. त्याला त्याच दिवशी परत पाठवलं. अशा बातम्या लोकांच्या लक्षात राहतात. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने १९४७ पासून अशा प्रकारांची नोंद ठेवली आहे. शंभराहून जास्त माणसं, आणि दर चारांतली सुमारे तीन मेलेली. त्या तिघांची बातमी चार ओळींत संपते.

पस्तीस हजार फुटांवर बाहेर उणे ५४ अंश असतात आणि हवेचा दाब जमिनीवरच्या जेमतेम पावपट. व्हील वेलला केबिनसारखा दाब नसतो, हीटर नसतो. तिथे माणूस अर्ध्या ते एका मिनिटात भान हरपतो. जे वाचतात ते का वाचतात, याचं डॉक्टर जे सांगतात ते असं: प्राणवायू कमी पडतो आणि अंगही गार पडत जातं, दोन्ही हळूहळू, विमान चढेल तसं. गार पडलेल्या शरीराला प्राणवायू कमी लागतो. बेडूक थंडीत पडून राहतो, तसा माणूस पडून राहतो. खाली येताना ऊब आणि हवा परत मिळते. काहींना जाग येते. ज्यांना येत नाही त्यांच्या खालून, उतरायच्या काही मिनिटं आधी, अजून जमीन हजार-दोन हजार फूट लांब असताना, चाकं बाहेर पडतात. लंडनच्या विमानतळाकडे येणाऱ्या मार्गाखालच्या वस्तीत रस्त्यावर, छपरावर, बागेत माणसं पडलेली सापडली आहेत, त्याचं कारण हे. विमान चढतानाही तेच. १९७० मध्ये सिडनीला एक हौशी माणूस उडणाऱ्या विमानांचे फोटो काढत होता. फिल्म धुतली तेव्हा एका फोटोत विमानाखाली चौदा वर्षांचा मुलगा हवेत दिसला.

ट्रेनी म्हणाला, "त्यापेक्षा ती न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलेली बाई बरी." तो २०२४ च्या नोव्हेंबरमधल्या प्रकाराबद्दल बोलत होता. एक बाई बोर्डिंग पासशिवाय विमानात शिरली आणि जागा नाही म्हणून टॉयलेट बदलत बसून राहिली. हसू आलं, खरं सांगतो. पण ती निदान आत होती, आमच्यासारखीच हवा घेत होती.

मला स्वतःला यातला कुठला प्रकार आठवत राहतो, तर १९९९ चा. गिनीची राजधानी कोनाक्रीहून निघालेले दोन मुलगे ब्रसेल्सला व्हील वेलमध्ये मेलेले सापडले. त्यांच्याजवळ हाताने लिहिलेलं पत्र होतं, युरोपच्या "महामहिम" मंडळींना उद्देशून. आम्हाला शिक्षण हवं आहे, मदत करा, अशा अर्थाचं. मरण आलं तर निदान पत्र तरी पोहोचेल, हा हिशेब त्यांनी आधीच केलेला होता. आमच्या या पोराकडे पत्र नव्हतं. खिशात एक फोन, चार्जर आणि कागदात बांधलेले थोडे पैसे. हे विमान कुठे चाललंय, असं सुरक्षावाल्यांनी विचारलं तेव्हा त्याने ज्या शहराचं नाव घेतलं तिकडे ते जाणारच नव्हतं. शेपटीवरचा रंग बघून तो चढला होता.

त्याला गाडीत बसवलं. हात मागे घ्या म्हणाले तर तो पँट सोडेना. दोन वेळा दरडावल्यावर सोडली, ती खाली घसरली, मग त्यांनीच वैतागून हात पुढे बांधले. गाडी वळेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता.

बाकीचं सगळं नेहमीचं. विमान सील झालं, श्वानपथक आलं, सगळं सामान उतरवून पुन्हा तपासलं. प्रवाशांना "तांत्रिक कारण" सांगितलं गेलं आणि त्यांच्या शिव्या, जशा असतात तशा, आम्हा इंजिनिअर लोकांच्या नावावर जमा झाल्या. कुंपण कुठे तुटलंय, कॅमेरा कुठे बंद होता, यावर वरचे लोक एकमेकांत जे काही बोलले ते मी ऐकलं नाही आणि मला ऐकायचंही नव्हतं.

माझं काम व्हील वेलची तपासणी. माणूस आत होता म्हणजे कुठलाही पाइप वाकला असेल, केबल कप्पीवरून सरकली असेल. तीन तास डोकं वर करून उभा होतो. त्या पोकळीत ब्रेकच्या आगीचा इशारा देणारी तार फिरवलेली असते. फाटक्या टायरचं फिरतं चाक आत येऊ लागलं तर ते थांबवणारी, धक्क्याने तुटणारी एक खुंटीही तिथे असते. टायरचा एवढा विचार बनवणाऱ्यांनी केला आहे. माणूस चढेल असं कोणाला सुचेल?

उजेड मागच्या कोपऱ्यात नेला तेव्हा पाइपाच्या एका ब्रॅकेटला काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. कातडी पट्टा, कमरेचा. ब्रॅकेटमधून ओवून बकल लावलेलं, दुसरीकडे हाताला अडकवायला फास केलेला. चाकं उघडतील तेव्हा पडू नये म्हणून. म्हणजे तेवढं त्याला कोणीतरी सांगितलं होतं, किंवा त्याने स्वतःच विचार केला होता. गाठ चांगली होती. सोडवायला मला वेळ लागला.

ब्रॅकेटच्या शेजारी धातूवर रबराचा काळा डाग उमटलेला आहे, अर्धगोल. अशी खूण वर्षानुवर्षांची असते. मिटलेलं चाक कुठपर्यंत येतं ते त्यावरून कळतं. तरी खात्री म्हणून मी माप घेतलं. पट्टा जिथे बांधला होता तिथे टायर वर आल्यावर बोटभर फट उरते. धावपट्टी सोडल्यावर गिअर मिटायला काही सेकंदच लागतात. थंडीपर्यंत आणि प्राणवायूपर्यंत गोष्ट पोहोचलीच नसती.

"त्याला सांगायचं का हे?" ट्रेनीने विचारलं. मी काही बोललो नाही. कुठे सांगणार, कोणत्या भाषेत?

लॉगबुक लिहायला बसलो. पक्षी धडकला, वीज पडली, टायर फाटला, यासाठी ठरलेली वाक्यं आहेत. यासाठी नव्हतं. शेवटी लिहिलं: "डाव्या मुख्य व्हील वेलमध्ये अनधिकृत व्यक्ती आढळली. बाहेर काढली. पाइप, केबल, वायरिंग तपासलं, ठीक." बाहेरची वस्तू सापडली की ती मोजून नोंदवावी लागते, म्हणून खाली आणखी दोन ओळी. कापूस, दोन बोळे. कातडी पट्टा, एक.

दुसरी ओळ लिहिताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की तो पँट हाताने धरून का उभा होता.