डोळ्यापुढचा आकडा

आमच्या कांजूरच्या घरात रात्री साडेआठनंतर मी मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळातून मान वर करून ‘मेले गं’ म्हटलं, की स्वयंपाकघरातून लगेच उत्तर येतं, ‘मेलीस ना? मग ये, पोळ्या लाटायच्यात.’

आईचा हिशेब सरळ आहे. मी जिवंत असेपर्यंत ती हाक मारत नाही, आणि हे तिचं मोठेपण मी मानते. पण मेल्यावर मी मोकळी. खेळ संपला, आता फोन खाली ठेव. कित्येक वर्षं मलाही हे बरोबरच वाटायचं. आता वाटत नाही, आणि त्याला कारण माझी वहिनी आहे.

आमचा स्क्वाड, म्हणजे खेळातली चौघांची टोळी, घरचाच आहे. मी, माझा धाकटा भाऊ, डोंबिवलीचा मावसभाऊ (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी. २०१९ मध्ये पबजी खेळायला लागलो तेव्हा दादा ऑफिसातून येताना सीएसएमटीला डोंबिवली फास्टमध्ये जागा पकडायचा आणि तिथूनच खेळायला बसायचा. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. ठाणं सुटलं की पाचेक मिनिटांत दादाचं नेट जायचं, आणि खेळातला त्याचा माणूस मोकळ्या मैदानात खांबासारखा उभा राहायचा. कितीही गोळ्या चालू असल्या तरी आम्ही दोघं त्याच्याभोवती थांबायचो. ‘दादा बोगद्यात गेला’ एवढंच कुणीतरी म्हणायचं. त्याला तिथे टाकून पुढे जावं असं एकदाही कुणाच्या मनात आलं नाही. आणि तरी आपण मेलो की आम्ही बिनदिक्कत निघून जायचो. या दोन्हींत काही विसंगती आहे हे तेव्हा दिसलं नाही.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शंभर जण एका बेटावर उतरतात, चार-चारच्या टोळ्यांनी. गोळ्या लागून पडलात तर आधी तुम्ही नॉक होता, म्हणजे गुडघ्यांवर रांगत असता आणि जीव हळूहळू उतरत असतो. सोबत्याने येऊन दहा सेकंद तुमच्यापाशी बसून रिव्हाइव्ह दिलं तर वाचलात. नाहीतर फिनिश. मग स्क्रीनवर दोन वाटा असतात: लॉबीत, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या पडद्यावर, परत जा, किंवा जे सोबती अजून जिवंत आहेत त्यांचा खेळ त्यांच्याच नजरेतून बघत बसा. अख्खा सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो. पोचिंकी या बेटावरच्या गावात उतरून दुसऱ्याच मिनिटाला मेलात तर पंचवीस मिनिटं नुसतं बघायचं. निघून गेलात तरी तुमचं काही बुडत नाही. टीमचा जो नंबर येईल तो तुमच्याही नावावर लागतो. म्हणजे थांबायला लावणारं काहीच नाही. थांबायचं ते आपल्या मनाने.

धाकट्याचं म्हणणं असं, की ‘ताई, तेवढ्या वेळात माझी दुसरी मॅच होते.’ तो उतावळा आहे असं मला वाटायचं. मग एकदा त्याच्याबरोबर भांडुपला गेमिंग कॅफेत गेले. तिथे तो व्हॅलोरंट खेळतो. पाच विरुद्ध पाच, शंभर सेकंदांचा राउंड, आधी तेरा राउंड जिंकेल तो संघ जिंकला. राउंडमध्ये मेलात की तो राउंड संपेपर्यंत सोबत्यांचं बघत बसायचं, पुढच्या राउंडला परत जिवंत. तिथे हाच पोरगा मेल्यावर खुर्चीत पुढे सरकून बसला होता. सोबत्याने स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावला, तो फुटायला पंचेचाळीस सेकंद, आणि हा पंचेचाळीसच्या पंचेचाळीस सेकंद टेबलाची कड धरून. तेव्हा समजलं की दोष त्याच्या स्वभावात नाही. ज्या खेळात बाहेर बसलेल्याला परत आत यायचं असतं, तिथे बसणारा खेळातच असतो.

हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग यात नवीन काय?’ बाबा तरुणपणी परळच्या एका मंडळाकडून कबड्डी खेळायचे. बाद झालेले गडी बाहेर ओळीने बसतात. आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की बसलेल्यांतला एक जिवंत होऊन आत येतो, तोही ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. सगळे सात बाद झाले तर लोण, समोरच्याला दोन गुण जास्तीचे. बाबांच्या मंडळात बसलेल्या गड्याला गुडघ्याची पट्टी सोडायची परवानगी नव्हती. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा वरळीच्या एनएससीआय डोममध्ये यू मुंबाचा सामना बघायला आम्ही गेलो होतो. सगळं स्टेडियम रेडरकडे बघत होतं आणि बाबा सारखे बाहेर बसलेल्यांकडे. ‘तो तिसरा बघ, उठायच्या तयारीत आहे,’ म्हणाले. मला त्या वेळी ते विचित्र वाटलं होतं.

लहानपणचं विषामृतही तेच. विष मिळालं की होतो तिथेच पुतळा होऊन उभं राहायचं आणि कुणी येऊन अमृत देईल याची वाट बघायची. कंटाळून घरी गेलेल्याला अमृत देणार कोण?

आता वहिनीचं.

२०२० च्या २ सप्टेंबरला पबजीवर बंदी आली, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय म्हणून तोच खेळ परत आला, आणि वहिनी तेव्हा आमच्यात आली. नवीन असल्यामुळे सगळ्यांत आधी तीच मरायची. पण कधी निघून जायची नाही. आम्ही अर्धा अर्धा तास खेळायचो आणि ती गप्प बसून कधी माझ्या, कधी दादाच्या, कधी धाकट्याच्या नजरेतून बघायची. मला वाटायचं तिला बाहेर कसं पडायचं ते माहीत नसेल. एकदा मी तिला सांगितलंसुद्धा, ‘वहिनी, कोपऱ्यात बटण आहे, तुम्ही जाऊ शकता.’ ती म्हणाली, ‘माहितीये. बघतेय.’ बघून बघूनच ती शिकली. झोन, म्हणजे जिथे राहिलं तरच जीव वाचतो ते आकसत जाणारं वर्तुळ, कुठे सरकेल, गाडी कधी सोडायची, दगडामागे कुठल्या बाजूने झुकायचं, हे सगळं ती आमच्या खांद्यावरून शिकली आणि चार-पाच महिन्यांत आमच्यापेक्षा जास्त वेळ टिकायला लागली.

खेळताना आपल्याला कुणी बघत असेल तर स्क्रीनवर एक छोटं डोळ्याचं चिन्ह येतं आणि शेजारी आकडा. मी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्या डिसेंबरातल्या एका रात्री एरँगेल या बेटावर आम्ही तिघं एकाच भांडणात पडलो. मला आईची हाक आली, मी गेले. धाकट्याने दुसरी मॅच लावली. दादाची दुसऱ्या दिवशी पहाटेची शिफ्ट होती, तो आतल्या खोलीत झोपायला गेला. वहिनी एकटी उरली. पुढे काय झालं ते आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही डोंबिवलीला जेवायला गेलो होतो. वहिनी आणि मी मटार सोलत बसलो होतो. ती सोलता सोलताच म्हणाली, ‘त्या दिवशी मी दुसरी आले.’ मी विचारलं, कुठल्या दिवशी? मग तिने सांगितलं. शेवटच्या झोनमध्ये ती एका दगडामागे, समोर तिघं. त्यातले दोन तिने पाडले. तिसऱ्याने तिला पाडलं.

‘आधी तीन होतं,’ ती म्हणाली. ‘मग दोन झालं. मग एक. मग तो डोळाच गेला. मला वाटलं नेट गेलं. पण मागून पाय वाजत होते, म्हणजे नेट होतं.’

एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. शेंगा फोडत राहिली. मला मात्र हातातली शेंग फोडता येईना. मी तेव्हा पोळ्या लाटत होते, आणि पोळ्या काही कुठे पळून जात नव्हत्या. ती त्या दगडामागे बसलेली असताना तिच्या स्क्रीनवरून एकेक करून आम्ही कमी झालो होतो, आणि ते तिला दिसत होतं. नुसतं जाणं वेगळं. आपण गेल्याचं समोरच्याला आकड्यात दिसणं, तेही तो सगळ्यात एकटा असताना, हे मला फार लागलं. आजही लागतं.

त्या दिवसापासून मी तिला ‘अहो वहिनी’ म्हणायचं सोडलं. तिनेच सांगितलं होतं आधी बरेचदा, जमत नव्हतं. आता ‘वहिनी गं’ होतं.

पुढचं वर्ष आणखी वेगळं निघालं. २०२२ च्या २८ जुलैला बीजीएमआय स्टोअरवरून काढलं गेलं. ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होतं त्यांना खेळता येत होतं, नव्याने घेता येत नव्हतं. आणि ऑगस्टमध्ये वहिनीचा फोन डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावरून खाली गेला. नवीन फोन आला, त्यात खेळ नाही. न नॉक, न फिनिश, तरी बाहेर.

आम्ही रोज रात्री कॉल लावूनच खेळतो. वहिनी त्या कॉलवर येत राहिली. दिसत काहीच नाही, फक्त आमचे आवाज. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना फोन स्पीकरवर ठेवून ती ऐकायची आणि मध्येच विचारायची, ‘किती जण उरलेत?’ आम्ही आकडा सांगायचो. पुढच्या मे महिन्यात खेळ परत येईपर्यंत हे असं चाललं. कुठल्या खेळाची वाट बघत इतके महिने बाहेर बसलेला गडी मी दुसरा पाहिलेला नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘पट्टी सोडली नाही तिने.’

म्हणून आता माझे काही नियम आहेत. घरच्यांपैकी कुणी जिवंत असेल तर मी थांबते. घाटकोपरच्या लॅबमध्ये माझं रक्ताच्या नमुन्यांचं काम सकाळी साडेसहाला सुरू होतं, त्यामुळे कधी कधी थांबता येत नाही. तेव्हा सांगून जाते: ‘वहिनी, निघते गं, उद्या ड्यूटी आहे.’ म्हणजे आकडा कमी झाला तर तो माझा, हे तिला कळतं. अनोळखी रँडम लोकांबरोबर खेळले तर मेल्यावर मी सरळ निघते, त्यात मला काही गैर वाटत नाही. अपवाद एकच. ज्याने मला रिव्हाइव्ह दिलं त्याचा सामना मी शेवटपर्यंत बघते. गोळ्या चालू असताना दहा सेकंद कुणीतरी माझ्यापाशी बसलं होतं, तो कोण कुठला हे मला माहीत नसेना का. आणि हल्ली रिकॉलही आहे. सामन्याच्या पहिल्या भागात सोबती तुम्हाला परत खेळात आणू शकतात, आणि लॉबीत निघून गेलेल्याला आणता येत नाही. धाकटा आता निदान तेवढा वेळ तरी थांबतो.

थांबणाऱ्यालाही रीत हवी. ‘मागे बघ, मागे बघ, अगं मागे!’ असं ओरडून धाकट्याने माझे कितीतरी सामने घालवलेत. मेलेल्याला आपल्या सोबत्याच्या नजरेतलंच दिसतं, जास्तीचं काही नाही. पण त्याचे हात थरथरत नसतात, त्यामुळे त्याला पाय नीट ऐकू येतात. आमच्यात ठरलंय की मेलेल्याने दिशा सांगावी, सल्ला देऊ नये. ‘२४० ला एक आहे’ (म्हणजे स्क्रीनवरच्या होकायंत्राच्या २४० अंशांना) चालतं. ‘पळ ना, थांबलीस कशाला’ चालत नाही. वहिनी तर २४० सुद्धा विचारल्याशिवाय सांगत नाही. नुसती असते. तेवढं मला पुरतं.

आईला मी हे सगळं मटारांसकट सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग पोळ्या कोण लाटणार?’ प्रश्न बरोबरच होता. धाकटा मेला तर त्याला कधी कुणी लाटायला बोलावलं नाही, हेही मी त्याच वेळी सांगितलं. आता रात्रीची भांडी त्याच्याकडे आहेत. आणि मी मेल्यावर फोन पिठाच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा ठेवते आणि वहिनीच्या नजरेतून बघत बघत लाटते.

परवा शनिवारी तसंच चाललं होतं. वहिनी गवतात आडवी, दादा आणि धाकटा दोघेही मेलेले, तिच्या स्क्रीनवर डोळा आणि तीन. आई नारळाचं खोबरं आणि मिरच्या मिक्सरच्या भांड्यात घालून उभी होती. फोनमधून लांब कुठेतरी पावलं वाजली. आईने बटणावरचा हात काढला.

‘किती जण उरलेत?’

‘सात.’

‘असू दे मग,’ ती म्हणाली, ‘मिक्सर नंतर लावते.’